पिवळं पान हिरवं होताना

एक जुनं मराठी पुस्तक टाइप करून इंटरनेटवर आणायच्या कामासाठी मी हाक दिली होती. पहिल्या रविवारी ऑनलाइन बैठकीला ४१ जण आले होते. दुसऱ्या रविवारी १७. तिसऱ्या रविवारी मी, सांगलीच्या एक काकू आणि नाशिकचा एक इंजिनिअर मुलगा, एवढेच. पंधरा मिनिटं वाट पाहिली, मग काकूच म्हणाल्या, "आलेत तेवढ्यांनी सुरू करू या, नाहीतर आजचा दिवस फुकट जायचा." त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून पाच पानं केली.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. २०२०च्या टाळेबंदीत ग्रंथालय बंद होतं. आमच्याकडचा पाऊस आणि बंद खोली म्हणजे पुस्तकांचा काळच, म्हणून आठवड्यातून दोनदा जाऊन मी खिडक्या उघडून यायची. मागच्या कपाटात एका घराण्याने दिलेली साठ-सत्तर जुनी पुस्तकं होती. कसर लागलेली, पानं पापडासारखी झालेली. त्यात १९१२ सालचं पाकशास्त्राचं एक पुस्तक सापडलं, १९२ पानांचं. उघडलं आणि कोपऱ्याचा तुकडा हातात आला. ते पुन्हा कपाटात ठेवायचं धाडस मला झालं नाही.

पुस्तक जगवायचं तर त्याचे फोटो काढून ठेवणं पुरेसं नसतं. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, त्यातली ओळ उचलून कुठे वापरता येत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला तो ऐकताही येत नाही. म्हणून मराठी विकिस्रोताकडे वळले. हे विकिपीडियाचंच भावंड, हक्क संपलेली जुनी पुस्तकं मजकुराच्या रूपात ठेवणारं. तिथे पुस्तकाचं प्रत्येक पान वेगळं उघडतं. एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर. संगणक चित्रावरून अक्षरं ओळखून कच्चा मजकूर देतो आणि माणसाने तो ओळीओळीने ताडून दुरुस्त करायचा. कच्चं पान लाल दिसतं. एकाने तपासलं की पिवळं होतं. दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासलं की हिरवं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सगळ्या पानांचे आकडे या रंगांत मांडलेले असतात, त्यामुळे काम कुठवर आलंय ते एका नजरेत कळतं.

त्याआधी हक्कांचा, म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न होता. आपल्याकडे हे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ला मुक्त झालं. आमच्या पुस्तकाची लेखिका कधी वारली हे कुठेच छापलेलं नव्हतं. तिच्या माहेरच्या आणि सासरच्या गावी फोन करत करत शेवटी एका पणतवाकडून साल मिळालं. त्यात दोन महिने गेले. मग मोबाइल स्टँडला लावून, पानावर काच ठेवून, एकेक पान टिपलं आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिस्रोत जिथून चित्रं घेतं त्या भांडारात, चढवलं.

इथपर्यंतचं काम एकटीने जमलं. १९२ पानं दोनदा तपासणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून व्हॉट्सॲपवर हाक दिली आणि ४१ जण आले. पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

लोक का गेले, हे मला कळायलाच हवं होतं. महिनाभर रोज संध्याकाळी एकेकाला फोन केले. ३८ पैकी २२ जण मोकळेपणाने बोलले. मला वाटलं होतं, वेळ नाही असं म्हणतील. तसं म्हणणारे चारच निघाले. बाकीच्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच होतं. मिरजेच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "अहो, मी पान केलं, जतन केलं. पुढे काय? बरोबर झालं की चुकलं, कोणी पाहिलं तरी का, काहीच कळेना. दुसरं पान घ्यायला हात होईना मग." मी अनुक्रमणिका उघडली. त्यांचं पान पिवळं होऊन पाच आठवडे तसंच पडलं होतं. तशी आणखी बावीस पानं होती. त्या पाच आठवड्यांत मी ग्रुपवर रोज सकाळी 'आजवर झालेली पानं' असा आकडा टाकत होते. आकडा वाढत होता म्हणून मी खुशीत होते, आणि ज्यांनी तो वाढवला ते एकेक करून निघून जात होते.

एक फोन करायला मला फार जड गेलं. बारामतीचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी केलेल्या पानात अकरा चुका राहिल्या होत्या. सगळ्यांनाच शिकायला मिळेल म्हणून मी त्या पानाचं चित्र काढलं, चुकांभोवती लाल गोल केले आणि ग्रुपवर टाकलं. त्याच रात्री ते ग्रुपमधून बाहेर पडले. मी दोनदा फोन केला तेव्हा एकदा उचलला. अतिशय सभ्यपणे बोलले. ते पान त्यांनी दोन रात्री बसून केलं होतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला शब्द सुचेना. माफी मागितली. "नाही नाही, तुमचं बरोबरच होतं," म्हणाले. पण परत आले नाहीत. आजही अनुक्रमणिकेत ते पान दिसलं की मला ती रात्र आठवते.

त्यानंतर आम्ही तिघांनी दोन गोष्टी ठरवल्या. नव्या माणसाचं पहिलं पान चोवीस तासांच्या आत कोणीतरी पाहायचंच. आणि चूक सांगायची ती त्या एकट्यालाच, ग्रुपवर कधीही नाही. पाहण्याची पाळी लावली. सोमवार-मंगळवार काकू, बुधवार-गुरुवार मी, बाकीचे दिवस नाशिककर.

पिवळ्याचं हिरवं करण्यात एक मेख आहे. ज्याने पान पिवळं केलं त्याला ते हिरवं करता येत नाही, त्याला तो पर्यायच दिसत नाही. दुसराच माणूस लागतो. सुरुवातीला मला ही अडचण वाटायची. पहिल्यांदा काम करायला सगळ्यांना आवडतं, कारण लाल पान आपल्या हाताखाली सुधारताना दिसतं. आधीच सुधारलेलं पान पुन्हा अक्षर-अक्षर ताडायला कोणी तयार नसतं. नाशिकच्या मुलाशी बोलताना मी हेच रडगाणं गात होते. तो म्हणाला, "ताई, पण या नियमामुळेच तर प्रत्येकाला कुणीतरी दुसरा लागतोय. आपण जोड्या लावून देऊ." आणि जोड्या लावल्या. नवीन माणूस आला की त्याला एक जोडीदार. याचं पान त्याने हिरवं करायचं, त्याचं याने. पहिली जोडी काकू आणि तो मुलगा, कारण तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच.

त्या जोडीमुळे काय झालं ते सांगते.

त्रेसष्टाव्या पानावर बुंदीच्या लाडवांची कृती होती. संगणकाने वाचलं होतं, 'साखर १११ शेर'. मुलाने चित्र पाहिलं. तिथे '१' आणि त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा. त्याला वाटलं पूर्णविरामाचे दंड असतील, म्हणून त्याने 'साखर १ शेर' केलं आणि पान पिवळं केलं. काकूंनी ते तपासायला घेतलं आणि लगेच फोन केला. मीही त्या कॉलवर होते.

"अरे बाळा, एक शेर साखरेत एवढे लाडू कुठले व्हायला? ते दीड आहे. दोन रेघा म्हणजे अर्धा. एक रेघ असली की सव्वा. आणि तीन असल्या तर?"

"पावणेदोन?"

"शाबास. वडिलांच्या दुकानात खतावणी मीच लिहायचे."

काकूंच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. दशमान मापं येण्याआधीचं तोलणं-मापणं त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ, ऐंशी तोळ्यांचा शेर, पण हा शेर सरकारी, गावोगावचे वेगळे. त्यांनी हे सगळं बोलून दाखवलं आणि मुलाने लिहून घेतलं. मग त्याने सगळ्या पानांत त्या रेघा शोधल्या. ३१ ठिकाणी आमचं चुकलं होतं, त्यातली दोन पानं तर हिरवी झालेली, आणि त्यातलं एक मी हिरवं केलेलं. शिवाय जुन्या छपाईत १ आणि ९ यांच्यात संगणकाची हमखास गल्लत होते. एका भाजीत ९ तोळे मीठ पडलं होतं, मुळात होता १ तोळा. आकडा आला की चित्र मोठं करून पाहायचं, ही सवय तेव्हापासून सगळ्यांना लागली.

काकूंना त्या वेळी टाइप करता येत नव्हतं. चुका त्या बोलून पाठवायच्या. मुलाने चार संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून त्यांना इनस्क्रिप्ट कळफलक शिकवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. काकूंनी कागदावर कळफलक काढून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवला. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतः टाइप केलेलं पहिलं अख्खं पान आलं. पाळी माझी होती. मी ते रात्री अकराला पाहिलं आणि तेव्हाच कळवलं, कारण त्या जाग्या असणार याची मला खात्री होती.

जुन्या लेखनावरून मात्र चांगलीच ओढाताण झाली. १९६२ साली नवे लेखननियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आमचं पुस्तक त्याच्या पन्नास वर्षं आधीचं. त्यात 'घरांत', 'कांहीं', 'तूप कढवावें' असंच सगळं. समूहात निम्मे शिक्षक. त्यांचा हात आपोआप अनुस्वार पुसायचा. एक पान तर चार वेळा इकडून तिकडे गेलं. एकाने अनुस्वार काढायचे, दुसऱ्याने परत घालायचे. माझं मत स्पष्ट होतं की छापलंय तसं ठेवायचं, कारण लेखिकेने आणि तिच्या छापखान्याने मराठी कशी लिहिली हासुद्धा ठेवा आहे. पण हे मी एकटीने ठरवून सांगितलं असतं तर शिक्षक गप्प बसले असते आणि हळूहळू आले नसते. म्हणून रविवारची अख्खी बैठक त्यावर घेतली. दोन तास चालली. कोल्हापूरचे एक सर शेवटपर्यंत विरोधात होते. मुलांनी हे वाचलं तर त्यांचं शुद्धलेखन बिघडेल, हा त्यांचा मुद्दा मनापासूनचा होता. ठरलं ते बहुमताने, जसं आहे तसं ठेवायचं. मी सरांनाच विनंती केली की हा नियम तुमच्या शब्दांत लिहून द्या. त्यांनी लिहिला तो आमच्या नियमपानावरचा सगळ्यांत नेमका परिच्छेद आहे.

हे नियमपान उशिरा सुचलं. तोवर सगळे निर्णय व्हॉट्सॲपवर व्हायचे आणि शुभ सकाळच्या फुलांखाली गाडले जायचे. नवा माणूस तोच प्रश्न विचारायचा, जुना माणूस वैतागायचा. मग विकिस्रोतावरच एक पान केलं. प्रश्न कोणीही विचारावा, उत्तर मिळालं की विचारणाऱ्यानेच ते तिथे लिहायचं. ज्याला नुकतं समजलंय तो सोपं लिहितो. आम्हा जुन्यांना काय अवघड होतं तेच आता आठवत नसतं.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात कार्यशाळा घेतली. वर्ष २०२२. तीस मुलं. मी सांगितलं, चला, खाती उघडा. सहा खाती उघडली आणि सातव्या मुलाला नकार. आठव्यालाही नकार. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसात सहापेक्षा जास्त खाती उघडता येत नाहीत, गैरवापर होऊ नये म्हणून ती मर्यादा घातलेली असते, आणि कार्यशाळेसाठी आधी विनंती करून ती उठवून घेता येते. हे मला माहीत नव्हतं. चोवीस मुलं माझ्याकडे बघत होती. शेवटी ज्यांच्याकडे मोबाइलवर नेट होतं त्यांनी तिथून खाती उघडली, उरलेल्यांनी शेजारच्याच्या खात्यावर पाहून घेतलं. फोटो निघाले, प्रमाणपत्रं दिली, अहवाल गेला. त्या तीस मुलांपैकी पुढच्या महिन्यात एकही परत आलं नाही.

तेव्हापासून मी एका दिवसाच्या कार्यशाळा बंद केल्या. त्याऐवजी दर रविवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ. कॉल लावायचा, माइक बंद ठेवायचे आणि आपापलं पान करायचं. अडलं तर माइक उघडून विचारायचं. कधी कधी वीस-वीस मिनिटं कोणी बोलत नाही. कोणाच्या तरी घरातला कुकर ऐकू येतो, कोणाचं बाळ रडतं. ज्याने अजून एकही पान केलेलं नाही तोही नुसता बसलेला चालतो. असे दोन-तीन जण महिना-महिना नुसते बसून होते आणि मग एके दिवशी त्यांनी पान उघडलं.

पुण्यात एमए करणारी मुलगी अशाच एका रविवारी आली. तिला दिसत नाही. तिने आधीच सांगितलं, "मला चित्राशी ताडून पाहता येणार नाही, पण तुमची पानं मी वाचून घेते. मला ही पुस्तकं हवी आहेत." तिचा संगणक पान मोठ्याने वाचतो. पहिल्या आठवड्यात तिने हिरव्या पानांतल्या सतरा जागांची यादी पाठवली. 'घालावें'चं 'धालावें' झालं होतं, 'भात' तिला 'मात' ऐकू आला होता. डोळ्यांना घ आणि ध, भ आणि म सारखे वाटून जातात, दोघांनी पाहूनही निसटतात. कानाला ते खटकतात. आणि एका पानावर तिला ऐकू आलं होतं, 'आचार्यांनी कढई चुलीवर ठेवावी'. तिने लिहिलं होतं, "ताई, इथे बहुतेक आचारी असावेत."

आचारीच होते. 'आचाऱ्यांनी'मधला तो अर्धा र म्हणजे मराठीची खास चीज, आणि संगणकावर ती मोठी डोकेदुखी. साधा र अर्धा करून य जोडला की सूर्यातल्यासारखा रफार येतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. बरोबर उमटवायचे मार्गही दोन आहेत. एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. दोन्ही दिसायला सारखेच, पण संगणकाला ते वेगवेगळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला 'पुऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. आमच्यातले निम्मे एका पद्धतीने लिहीत होते, निम्मे दुसऱ्या. नाशिकच्या मुलाने यादी काढली, आम्ही नुक्तावाला ऱ ठरवला आणि दोन रविवार फक्त हेच केलं. मग तिला म्हटलं, आता शोधून बघ. तिने 'पुऱ्या' शोधल्या. सगळ्या सापडल्या. तो रविवार मला फार जवळचा आहे.

तेव्हापासून आमच्याकडे हिरवं पान झालं तरी ते तिने ऐकल्याशिवाय पुस्तक पूर्ण धरत नाहीत. शंका तिने काढायच्या, चित्र आम्ही पाहायचं.

पाकशास्त्राचं पुस्तक २०२२च्या दिवाळीआधी पूर्ण झालं. शेवटचं पिवळं पान मिरजेच्या शिक्षिकेने हिरवं केलं. जोड्या लावल्यावर मी त्यांना पुन्हा फोन केला होता आणि त्या आल्या होत्या. काकूंनी त्यातले बुंदीचे लाडू केले, दीड शेरांच्या मापाचे, आणि एसटीच्या पार्सलने मला डबा पाठवला.

२०२३च्या उन्हाळ्यात माझी आई आजारी पडली. सव्वादोन महिने मी दवाखाना आणि घर एवढंच करत होते. ग्रुप आवाज बंद करून ठेवला होता. तेव्हा दुसरं पुस्तक निम्म्यावर होतं, शेतकीवरचं. परीक्षांचे दिवस, मग शेतीची कामं, त्यात मी नाही. परत येईन तेव्हा पुन्हा तिघंच असू, असं मी मनात धरून चालले होते.

आई घरी आल्यावर एका रात्री तिच्या उशाशी बसून लॅपटॉप उघडला. ग्रुप न पाहता सरळ एक लाल पान घेतलं. बऱ्याच दिवसांनी काम करत होते, हात अडखळत होता. जिऱ्याच्या लागवडीचं पान होतं. तासाभराने ते पिवळं करून झोपले.

सकाळी माझ्या चर्चापानावर एक निरोप होता. नाव अनोळखी. नंतर कळलं, मी नसताना चार नवे जण आले होते, त्यातली ही चंद्रपूरची एक मुलगी. शनिवारची पाळी तिला दिलेली होती. माझं विकिस्रोतावरचं सदस्यनाव तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

'नमस्कार. तुम्ही नवीन दिसता, स्वागत. पान छान झालं आहे. आठव्या ओळीत "जिरें"वरचा अनुस्वार राहिला आहे. आपण जुनं लेखन आहे तसंच ठेवतो, ते का ते नियमपानावर कोल्हापूरच्या सरांनी लिहिलं आहे, जरूर वाचा. तेवढं केलंत की मी हिरवं करते. काही अडलं तर रविवारी साडेआठला या.'

आईने विचारलं, "काय गं, रडतेस कशाला?" मी डोळे पुसले, अनुस्वार घातला, पान जतन केलं आणि त्या मुलीला लिहिलं, 'आभारी आहे. रविवारी येते.'